कोलंबीची डोकी टाकू नका: घरच्या घरी मलईदार मासळी सूप

कोलंबी तोलून झाली की आमचा मासेवाला न चुकता विचारतो, "बेन, माथां काढी नाखुं?" बडोद्यातली बहुतेक गिऱ्हाइकं हो म्हणतात. डोकी आणि सालं तिथल्याच टोपलीत पडतात, घरी येते ती सोललेली, गोरीगोमटी कोलंबी. कालवणाला आणि भाताला ती छान चालते. पण ज्या सुपाबद्दल मी लिहायला बसले आहे, त्याचा जीव त्या टोपलीतच राहून गेलेला असतो.

म्हणून मी सांगते, "ना भाई, माथां साथे ज आपो." मग तो माझ्याकडे जरा कीव येऊन बघतो. वजनाचे पैसे मोजून कचरा घरी नेणारी बाई!

मलईदार सूप म्हटलं की आपलं सगळं लक्ष मलईकडे जातं. आणि आपण राहतो कुठे, तर आणंदपासून चाळीसेक किलोमीटरवर. तिथला दूधसंघ १९४६ सालचा. बडोद्यात क्रीमचं खोकं कोपऱ्यावरच्या दुकानात रात्री दहालाही मिळतं. समुद्राचं तसं नाही. खंबातचं आखात नकाशावर जवळ दिसतं, पण ते गढूळ आणि जबर भरती-ओहोटीचं. बाजारातली चांगली मासळी लांबच्या बंदरांतून बर्फात बसून येते. दूध उशाशी आणि समुद्र लांब, असा आपला मामला. त्यामुळे हे सूप बिघडतं तेव्हा बहुधा एकाच प्रकारे बिघडतं: मैदा आणि क्रीमची पांढरी खीर, वर तरंगणारे चार रबरी तुकडे. खरं काम आहे ते सालांतून समुद्र काढून घेण्याचं. मलई शेवटी येते, आणि थोडीच येते.

नावाचं म्हणाल तर याचे आईबाप दोन. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, न्यू इंग्लंड भागात, शिंपल्या, बटाटे, कांदा, खारवलेलं डुकराचं मांस आणि दूध यांचं दाट सूप करतात, ते चाउडर. फ्रेंच लोक कोलंबी, खेकडे, शेवंड यांची सालं परतून, उकळून, गाळून गुळगुळीत सूप करतात, ते बिस्क. दाटपणासाठी त्यात पूर्वी तांदूळ घालत. मी बिस्कमधला अर्क घेते आणि चाउडरमधले बटाटे. न्यू इंग्लंडवाले याला काय म्हणतील कोण जाणे. चाउडरमध्ये टोमॅटो घालण्यावर कायद्याने बंदी आणावी असं विधेयक १९३९ मध्ये तिथल्या मेन राज्याच्या विधिमंडळात आलं होतं. सुपावरून इतकी भांडणारी माणसं मला आपल्यातलीच वाटतात.

मासे आणि दूध?

हा प्रश्न येणारच. आमच्याकडे तो सासूबाईंनी पातेल्यात डोकावून विचारला होता. आयुर्वेदात मासे आणि दूध हा विरुद्ध आहार मानला आहे, चरकसंहितेत तसं सांगितलेलं आहे, आणि ज्यांना ते पाळायचं आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने अंगावर कोड उठतं ही भीती मात्र वेगळी. आजचं वैद्यक कोडाकडे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने रंगपेशींवर केलेला हल्ला म्हणून बघतं, जेवणाशी त्याचा संबंध लावत नाही. किनाऱ्यावरच्या कितीतरी देशांत माणसं पिढ्यान् पिढ्या मासळी दुधात शिजवून खात आली आहेत. तरी ताटावर बसून वाद नको. सासूबाईंसाठी मी हेच सूप नारळाच्या दुधात करते. ते कसं, हे पुढे सांगते. खरं सांगायचं तर मलाही कधीकधी तेच जास्त आवडतं.

ज्या गोष्टीची भीती खरोखर बाळगायला हवी ती म्हणजे कोलंबीची ॲलर्जी. काहींना ती जिवावर बेतण्याइतकी असते, आणि कोलंबी बाजूला काढून नुसतं सूप वाढल्याने टळत नाही, कारण सालांचा अर्क सुपातच उतरलेला असतो. पाहुण्यांना आमंत्रण देतानाच विचारून घ्या.

बाजारहाट

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा बाजारात जे दिसतं त्यातलं बरंचसं शीतगृहातलं. हे सूप करायला मला दिवाळीनंतरचे दिवस आवडतात. मासळी बरी मिळते आणि संध्याकाळी गरम वाटी हातात धरावीशी वाटते.

कोलंबी बघताना आधी डोकं बघा. ते धडाला घट्ट धरलेलं हवं. लोंबत असेल, बोट लावताच निसटत असेल तर माल जुना. सालावर चकाकी हवी, हाताला बुळबुळीत लागता कामा नये. वास समुद्राचा यावा. नाकात चढणारा, मुतारीसारखा अमोनियाचा वास आला तर भाव कितीही उतरला तरी पुढे चला. डोक्यावर काळे डाग असले की ती कोलंबी विषारी झाली असं नव्हे. सफरचंद कापून ठेवल्यावर काळं पडतं त्याच जातीची ती क्रिया आहे. पण ते दिवस उलटल्याचं लक्षण आहेच. सोललेल्या कोलंबीच्या कालवणात ते खपून जाईल, इथे डोकीच महत्त्वाची असल्याने नाही खपणार.

आकार मध्यम घ्या. मोठी कोलंबी दिसायला देखणी, पण सुपाच्या चमच्यात मावत नाही आणि खिसा रिकामा करते. करंदी मिळाली तर मूठभर जास्तीची घ्या, ती अख्खीच अर्कात टाकता येते.

गोठवलेली कोलंबी घ्यायची झाली तर पाकिटावर बर्फाशिवायचं वजन किती ते वाचा, कारण बर्फाच्या लेपाचं वजनही आपल्याकडूनच वसूल होतं. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून ती सोडवा. घाई असेल तर पिशवीसकट थंड पाण्यात अर्धा तास. गरम पाणी नको, ओट्यावर उघडी तर अजिबात नको. अशा कोलंबीला डोकी नसतात, मग अर्क कशाचा? इथे आम्हा कायस्थांची जुनी ठेव कामाला येते: सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी. मूठभर सोडे कोरडेच मंद आचेवर भाजून घ्यायचे आणि सालांच्या जागी वापरायचे. चव जरा वेगळी, अधिक खमंग येते. मुंबईहून कुणी येणार असेल तर मी मिठाई नको म्हणते, सोडे मागते.

माशाचं मांस पांढरं, घट्ट आणि कमी तेलाचं हवं. रावस उत्तम, जिताडा उत्तम. घोळ मिळाली तर भाग्य. २०२३ मध्ये गुजरातने तिला राज्यमासा म्हणून जाहीर केलं, पण तिच्या पोटातल्या फुग्याला परदेशात इतका भाव आहे की मोठी घोळ आपल्या वाट्याला क्वचितच येते. सुरमई चालते, मात्र तिची चव पुढे-पुढे करते. पापलेट या सुपात घालणं मला उधळपट्टी वाटते, ते तव्यावरच जावं. बांगडा, तारली नको. त्यांचं तेल दुधाला मानवत नाही. भरुचला नर्मदेत पावसाळ्यात चढणारा पाला कितीही लाडका असला तरी त्याचे केसासारखे काटे सुपात वेचत कोण बसणार? रोहू-कटल्याचंही तेच. काहीच नाही मिळालं तर बासा घ्या, फक्त तो विरघळल्यासारखा तुटतो हे धरून चाला.

मासळी घ्यायला जाताना थर्माकोलचा डबा न्या, नाहीतर निदान स्टीलच्या डब्यात बर्फ. एप्रिल-मेमधल्या बडोद्यात स्कूटरच्या हुकाला लटकवलेली पिशवी तासाभरातच धोक्याची होते. भाजी आधी घ्या, मासळी शेवटी, आणि तिथून सरळ घर. वाटेत सेव-उसळ खायला थांबू नका. मी थांबलेली आहे.

चार जणांसाठी किती काय

डोक्यासालासकट अर्धा किलो मध्यम कोलंबी. साफ केल्यावर ती साधारण निम्मी उरते. बिनकाट्याचा मासा २०० ते २५० ग्रॅम. मासेवाल्याकडून पांढऱ्या माशाची मधली हाडं मिळाली तर तीही आणा, सुरमईची नकोत. दोन मध्यम बटाटे, दोन कांदे, एक लहान गाजर, लसणाच्या चार पाकळ्या, कोथिंबिरीच्या मूठभर काड्या, आठ-दहा मिरी, अर्धं तमालपत्र, अर्धी वाटी मक्याचे दाणे. ५० ग्रॅम लोणी, चमचाभर तेल, दोन सपाट मोठे चमचे मैदा. सायीसकट दूध एक कप, क्रीम १०० मिलीलीटर. मीठ, पांढरी मिरीपूड, जायफळ, लिंबू, कांद्याची पात.

तमालपत्र अर्धंच का? युरोपी पाककृतींत जे पान असतं ते वेगळ्या झाडाचं. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं. अख्खं टाकलं की सुपाला पुलावाचा वास येतो.

लोणी बिनमिठाचं असेल तर बरं. नेहमीचं पिवळं खारं लोणी वापरणार असाल तर वरून मीठ घालताना हात आखडता ठेवा.

कोलंबी साफ करणं

डोकं पिळून वेगळं करा. डोक्यात जे केशरी, लोण्यासारखं दिसतं ते धुऊन टाकू नका, चवीचा खजिना तोच. मात्र डोक्याच्या पुढच्या टोकाशी, डोळ्यांच्या मागे, एक छोटी पिशवी असते, तिच्यात वाळू आणि कडवटपणा असतो. कात्रीने डोळ्यांसकट पुढचं टोक कापून टाकलं की ती निघते. सालं काढा, पाठीला चीर देऊन काळा दोरा ओढून काढा. डोकी आणि सालं एकदाच, पटकन, थंड पाण्यातून काढून निथळत ठेवा.

सोललेल्या कोलंबीला अर्धा छोटा चमचा मीठ आणि पाव छोटा चमचा खायचा सोडा चोळून पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. सोड्याने तिला दाताखाली करकरीत तजेला येतो आणि शिजताना ती सहजासहजी चिवट होत नाही. नंतर पुसून घ्या. माशाचे दोन-दोन बोटांचे तुकडे करा, त्यांना नुसतं मीठ लावा.

आणि हळद लावू नका! हे मी उद्गारचिन्ह घालून लिहिते आहे, कारण आपला हात मासळी दिसली की आपोआप हळदीच्या डब्याकडे जातो. पहिल्या खेपेला माझाही गेला. सूप वाढल्यावर सासूबाई म्हणाल्या, "कढी छान झालीय, पण कोलंबी का घातलीस गं हिच्यात?"

अर्क

घाई करायची असेल तर पुढच्या पायऱ्यांत करा, इथे नको.

कोलंबीच्या सालात एक केशरी रंगद्रव्य असतं, ॲस्टॅक्झँथिन. कच्च्या कोलंबीत ते एका प्रथिनाला जखडलेलं असतं, म्हणून ती करडी-निळसर दिसते. उष्णतेने ती बांधणी सुटते आणि कोलंबी लाल होते. आपल्या कामाची गोष्ट अशी की हे रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, तुपा-तेलात विरघळतं. सालं नुसती पाण्यात उकळली तर मचूळ, फिकट पाणी मिळतं. आधी लोण्यात परतली तर लोणीच केशरी होतं आणि वासही त्यात उतरतो. आपण फोडणीत मसाला तेलावर टाकतो, पाण्यात नाही. त्यामागचं कारण हेच.

जाड बुडाचं पसरट पातेलं घ्या. त्यात २० ग्रॅम लोणी आणि चमचाभर तेल. तेलाने लोणी लवकर जळत नाही. मध्यम आचेवर डोकी आणि सालं टाका. पहिली दोन मिनिटं पाणी सुटेल, मग तडतड सुरू होईल. आता पावभाजीच्या मॅशरने डोकी दाबा, चेचा, आतला केशरी ऐवज बाहेर येऊ द्या. सहा ते आठ मिनिटांत सालं लालबुंद होतात, बुडाला तपकिरी खरपूस थर धरू लागतो आणि भाजलेल्या शेंगदाण्यांच्या जवळचा असा एक वास येतो. तो वास येईपर्यंत थांबा. काळं मात्र होऊ देऊ नका, तो कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही.

आता एक कांदा जाडसर चिरून, गाजर, ठेचलेला लसूण टाका, तीन-चार मिनिटं परता. कोथिंबिरीच्या काड्या, मिरी, तमालपत्र टाका. माशाची हाडं असतील तर तीही. सव्वा लिटर थंड पाणी ओता आणि बुडाचा खरपूस थर उलथन्याने खरवडून पाण्यात मिसळा. उकळी आली की आच कमी करा. वर फेस येईल तो झाऱ्याने काढा. पाणी नुसतं हलतं राहील इतक्याच आचेवर, झाकण न ठेवता, पंचवीस मिनिटं.

मटणाच्या हाडांचा रस्सा जितका उकळावा तितका चांगला, मासळीचं तसं नसतं. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की पाणी गढूळ होतं, कडसर लागतं. कुकरही याच कारणासाठी नको.

गाळताना आधी चाळणी, मग पातळ सुती फडकं. सालांचे बारीक काटे घशात गेलेले चांगले नाहीत. चाळणीत सालं पळीने दाबून शेवटचा थेंब काढा. साधारण ९०० मिलीलीटर अर्क यायला हवा. दोन मिनिटं स्थिर ठेवला की वर केशरी तवंग जमतो. त्यातला चमचाभर वाटीत काढून बाजूला ठेवा. सेव-उसळीवर जशी तरी, तशी ही या सुपाची तरी.

चव बघायची ती अशी: वाटीत दोन चमचे अर्क घ्या, त्यात चिमटीभर मीठ घाला आणि मग चाखा. बिनमिठाचा अर्क कितीही चांगला असला तरी फिकाच लागतो आणि आपण उगाच हताश होतो. मीठ घालूनही पाणचट वाटला तर आणखी दहा मिनिटं आटवा, सालांशिवाय. हा अर्क नुसता प्यावासा वाटला पाहिजे. तसा वाटत नसेल तर पुढचं दूध आणि क्रीम त्याला वाचवू शकणार नाही.

बैठक

पातेलं पुसून घ्या. उरलेलं ३० ग्रॅम लोणी वितळवा आणि दुसरा कांदा अगदी बारीक चिरून, मंद आचेवर आठ मिनिटं परता. तांबूस करायचा नाही. भाजी-आमटीत आपल्याला ती सवय नसते, म्हणून पुन्हा सांगते: काचेसारखा झाला की पुरे. मैदा भुरभुरा, दोन मिनिटं ढवळत राहा. कच्च्या पिठाचा वास गेला पाहिजे आणि रंग बदलता कामा नये. मग अर्क एकेक पळी घालत, दर पळीला गुठळ्या मोडत जा. तीन-चार पळ्यांनंतर बाकीचा एकदम ओतला तरी चालतो.

बटाट्यांच्या सेंटीमीटरभर फोडी आणि मक्याचे दाणे टाका, झाकण तिरकं ठेवून बारा ते पंधरा मिनिटं शिजवा. बटाटा डीसाकडचा, जुना, पिठूळ असेल तर सूप आपसूक दाट होतं. नवा, पाणीदार बटाटा असेल तर त्यातल्या पाव हिस्सा फोडी पळीच्या पाठीने कडेला चेचून घ्या. हीच पायरी आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवता येते. मी पाहुणे असले की तसंच करते. इथून पुढचं काम दहा मिनिटांचं आहे आणि ते वाढायच्या आधीच करायचं.

दूध

दूध फाटतं ते दोन गोष्टींनी, आंबट आणि आच. दुधातली प्रथिनं आंबटाने गोळा होतात, आणि सूप खदखदलं तर ते काम आणखी लवकर होतं. स्निग्धांश आणि मैद्याचं पिठूळपण प्रथिनांना एकमेकांपासून लांब ठेवतं. म्हणून पातळ दुधापेक्षा ६ टक्के स्निग्धांशाचं पिशवीतलं दूध इथे भरवशाचं. आपल्याकडच्या खोक्यातल्या साध्या क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्के असतो, तेवढा पुरतो. केकवाल्यांचं फेटायचं क्रीम शक्यतो टाळा, पुष्कळदा ते गोड असतं. घरची साय वापरणार असाल तर ताजी, मिक्सरमधून फिरवून. चार दिवस साठवलेली, विरजणाकडे झुकलेली साय घातलीत तर पनीरच होईल.

दूध आणि क्रीम अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा. एका भांड्यात दोन्ही मिसळा, त्यात गरम सुपाच्या दोन पळ्या घालून ढवळा, मग हे कोमट मिश्रण पातेल्यात ओता. आच अगदी मंद. कडेला बारीक बुडबुडे दिसावेत, मध्ये उकळी फुटू नये. आता मीठ बघा. चिमूटभर पांढरी मिरी, जायफळ नखाएवढं.

मासळी

कोलंबी आणि मासा फ्रिजमधून काढून पुसून घ्या. आधी माशाचे तुकडे, अलगद, दोन मिनिटं. मग कोलंबी, आणखी दोन मिनिटं. गॅस बंद. झाकण ठेवून तीन मिनिटं थांबा, राहिलेलं काम पातेल्याची ऊब करते. उलथन्याने ढवळू नका, पातेलं दोन्ही कानांनी धरून हलवा.

कोलंबी चंद्रकोरीसारखी वळली आणि काचेसारखी न दिसता पांढरी-गुलाबी झाली की शिजली. दोन्ही टोकं जुळून तिची बांगडी झाली की वेळ हुकली. कच्ची राहील या धास्तीने आपण हमखास बांगडी करतो. सगळ्यात मोठी एक कोलंबी काढून मधोमध कापून बघा, म्हणजे धास्ती जाते.

हातात माकुल असेल तर बारीक कड्या करून शेवटच्या मिनिटाला टाका. तिसऱ्या आपल्याकडे जिवंत मिळण्याची खात्री नसते, त्यामुळे मी त्यांच्या वाटेला जात नाही. कुणी किनाऱ्यावरून आणल्याच तर टकटक केल्यावर न मिटणाऱ्या आधीच टाकून द्या, आणि शिजल्यावर न उघडणाऱ्याही.

वाढताना वाटीत आधी मासळी सारखी वाटा, मग वरून सूप, मग ती राखून ठेवलेली केशरी तरी थेंबाथेंबाने आणि कांद्याची पात. लिंबाची फोड बशीत द्या, पातेल्यात पिळू नका. तिकडचे लोक सोबत खारी बिस्किटं देतात. आपल्याकडची बेकरीतली खारी त्याहून सरस लागते, फक्त ती आधी बुडवून ठेवू नका. पाव तर आहेच.

बिघडलं तर

फाटलं? आमच्याकडे आठ माणसं जेवायला असताना मी पातेल्यातच लिंबू पिळलं होतं. तेव्हा केलं ते असं: मासळी झाऱ्याने बाहेर काढली, सूप मिक्सरमधून फिरवलं, चमचाभर मैदा थंड दुधात कालवून त्यात घातला आणि ढवळत गरम केलं. पूर्ववत होत नाही, पण कुणाच्या लक्षात येत नाही. पातळ झालं तर बटाटे चेचा, मैदा वरून भुरभुरू नका. दाट झालं तर अर्क घाला, दूध नको. दुधाने चव विझते. खारट झालं तर क्रीम आणि आणखी एक उकडलेला बटाटा. चव आहे पण काहीतरी कमी वाटतंय, असं झालं की बहुधा मीठ किंवा लिंबू कमी असतं, क्रीम कधीच नाही.

सासूबाईंचं सूप

एका नारळाचं जाड दूध वाटीभर, पातळ दूध दोन वाट्या. अर्क तसाच करायचा, फक्त लोण्याऐवजी खोबरेल तेल. मैदा नको, दोन चमचे तांदळाची पिठी पातळ दुधात कालवून घालायची, आणि ते दूध अर्कात घालून त्यात बटाटे शिजवायचे. चार कढीपत्त्याची पानं आणि उभी चिरलेली एक हिरवी मिरची हवीच. जाड दूध अगदी शेवटी, आणि तेही उकळू द्यायचं नाही, नाहीतर तेल सुटतं. कोकम घालायचा मोह होतो, पण मग ते सूप राहत नाही, सोलकढी आणि कालवण यांच्या मधलं काहीतरी होतं. ते चांगलं लागतं, हा भाग वेगळा.

उरलंसुरलं, आणि शेजार

उरलेलं सूप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचं. मंद आचेवर गरम करा, उकळू नका. दूध घातलेलं सूप गोठवलं तर सोडवताना फुटतं. गोठवायचाच असेल तर नुसता अर्क गोठवा. बर्फाच्या ट्रेमध्ये लावून वड्या पिशवीत भरल्या की दोन महिने पुरतात. कोलंबीभाताला पाण्याऐवजी चार वड्या घालून बघा.

राहता राहिला वास. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात सगळेच मासे खाणारे होते, तिथे वासाने उलट शेजारी वाटी घेऊन येत. आता सोसायटीत जिन्यावरची चारपैकी तीन घरं शाकाहारी. त्यांना त्रास होऊ नये एवढं बघणं आपल्या हातात आहे. सालं परतायच्या आधीच पंखा लावा आणि जिन्याकडचं दार बंद करा. ओटा आणि सुरी साबणाच्या आधी लिंबाच्या सालीने घासा, मासळीच्या वासातली द्रव्यं आंबटाने दबतात. आणि अर्क काढून झालेली सालं कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, बडोद्याच्या उन्हात ती संध्याकाळपर्यंत मजलाभर बोलू लागतात. घट्ट पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी कचऱ्याची गाडी आली की मगच बाहेर काढा.

पिशवीवर चिठ्ठी मात्र लावा. मागच्या हिवाळ्यात मी माहेरी गेले होते, तेव्हा यांनी फ्रीजर उघडला, कोलंबी सापडली म्हणून खूश होऊन ती रात्रभर सोडवत ठेवली, सकाळी कांदा चिरला, वाटण केलं, आणि मग मला फोन केला: "अगं, हिच्यात तर नुसती डोकीच आहेत."